काळ्या काठाचं पांघरूण

बागिओ, २५ फेब्रुवारी

मानांग युनिस,

तू माझा नंबर अडवून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. मनिलातल्या घरचा पत्ता तू कुणालाच दिलेला नाहीस, तेव्हा पाकीट तुझ्या उत्सव समितीच्या कचेरीत येणार. तुझ्याआधी जो कोणी साहेब किंवा शिपाई हे फोडेल त्याने खुशाल वाचावं. हो, मी तिचा धाकटा भाऊ. हो, इगोरोट, वरच्या डोंगरातला. नाही, शेपूट नाही. मानांग म्हणजे ताई, आमा म्हणजे बाप, इना म्हणजे आई, एवढं कळलं की पुढचं कळेल.

आमांचं पांघरूण कुठे आहे?

एवढंच विचारून पाकीट चिकटवणार होतो. पण कागद उरलाय आणि बाहेर धुकं असं बसलंय की समोरचं चर्चसुद्धा दिसत नाही, बसगाड्या थांबल्यात. तर ऐक.

काल इथे उत्सवाची मिरवणूक होती. मी त्यात काय करत होतो ते विचारू नकोस, दोन वेळचं जेवण मिळत होतं. स्ट्रॉबेरीच्या मळ्यातलं काम सुटलं, कारण मुकादमाला मी गाणी म्हटलेली चालत नव्हती. त्याआधी बारमध्ये गिटार वाजवायचो तिथे मालकाला वाटायचं मी फारच कमी गातो. जाऊ दे. तर मिरवणुकीला ‘डोंगरी योद्धे’ हवे होते. नाच बसवणारे सर डोंगराखालच्या सपाटीवरचे, गळ्यात शिट्टी. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाले, “तू काय आहेस रे?”

“इगोरोट.”

“वाटत नाहीस. बराच उजळ आहेस. आणि केस कुठे गेले?”

“कापले, सर. केस वाढले की कापतो.”

“हरकत नाही, टोप देऊ. अंगाला कॉफीची पूड चोळ. तेलात कालवून, नाहीतर घामाने ओघळते.”

मी म्हटलं आमच्याकडे घंटा वाजवताना पाय जमिनीला घासत चालतात, कुणी उड्या मारत नाही, आरोळ्याही देत नाही. त्यावर ते म्हणाले, “तुमच्या गावात बघायला कोण येतं?” मी उड्या मारल्या.

माझ्या शेजारी नाचणारा पोरगा खाली किनाऱ्यावरच्या पांगासिनानचा, मासे विकणाऱ्याचा मुलगा. तो माझ्यापेक्षा सावळा म्हणून त्याला पहिल्या रांगेत घेतलं. चांगला पोरगा होता. मला भाला कसा धरायचा ते त्याने शिकवलं.

आणि मग बाजाराच्या चौकात वळलो तर समोर चार मजली इमारतीवर तुझ्या समितीचा फलक. गोरी, लांब मानेची कुणी मनिलाची नटी, मागे पायऱ्यांची भातशेतं, आणि तिच्या कमरेला गुंडाळलेलं आपल्या आमांचं मरणाचं पांघरूण. मी थांबलो. मागचा माझ्या पाठीवर आदळला, सर शिट्टी फुंकत आले. मी कॉफी फासलेला, डोक्यावर कोंबडीची पिसं, आणि तोंड वर करून बघतोय.

दुसरं कुणाचं असेल असं म्हणू नकोस. एका टोकाचा काठ काळा आहे. इनाने तिचं आणि आमांचं एकाच ताण्यावर विणलं होतं, आधी तिचं, मग आमांचं, आणि शेवटच्या वितीला निळा धागा संपला तेव्हा काळा लावला. ती बाजारात निळा शोधत होती ते दिवस तुला आठवत असतील, तू तेव्हा घरी होतीस. ती गेली तेव्हा निळ्या काठाचं तिला गुंडाळून तिच्यासोबत गेलं. काळ्या काठाचं धान्याच्या कोठीत, पेटीत असायला हवं. ते चौकात टांगलंय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: डोंगरी वधूचा साज.

वधू. तुला वाचता येतं, मानांग. आपल्या घरात सगळ्यात जास्त शाळा तू शिकलीस.

आमांना काही दिवसांपासून जेवण जात नाहीये असं गावाहून आलेला ट्रकवाला सांगत होता. मी उद्या गाडी मिळाली की लामागनला निघतो. पेटी उघडून बघेन. रिकामी निघाली तर तू चोर आहेस आणि ते मी सगळ्यांसमोर म्हणेन.

वेंडेल

*

लामागन, ९ मार्च

मानांग,

तुझं उत्तर बसवाल्याने आणून दिलं. टाइप केलेलं, वर समितीचा शिक्का, “प्रिय वेंडेल”, आणि खाली सही अशी की जणू मी कंत्राटदार आहे. आंटी दामयानला वाटलं सरकारने जमीन घेतली.

पेटी रिकामी आहे. पण तू लिहिलंस ते खरं निघालं. आमांना विचारलं तर म्हणाले, “मीच दिलं की.” नाताळात तू आलीस, अर्ध्या दिवसासाठी, ती भाड्याची गाडी खालच्या वळणावर उभी करून, हे मला आता कळतंय. तू त्यांना सांगितलंस की मनिलात काचेमागे ठेवतील, खाली त्यांचं नाव, गावाचं नाव, विणणारीचं नाव. म्हणून दिलं.

त्यांना इतका आनंद का झाला हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू नेमकं तेच बोललीस. आयुष्यभर त्यांनी कोबीचा ट्रक चालवला. मनिलाच्या बाजारात हमाल त्यांना म्हणायचे, “ए इगोरोट, मागे वळ, शेपूट दाखव, मग माल उतरवतो.” आमा वळायचे. आपल्याला ते हसत सांगायचे, टोपी मागे सरकवून, आणि आपणही हसायचो. परवा बोलता बोलता म्हणाले, “ट्रक उतरवून घ्यायचा होता ना. कोबी वाट बघत नाही.” आणि मग म्हणाले, “तिला म्हटलं घेऊन जा, बघू दे त्यांना. आमच्याकडे कापड विणतात. त्यांना वाटतं तशी नुसती मुंडकीच कापत बसलो नव्हतो.”

ते काचेमागे नाही, एका नटीच्या कमरेला आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता तुझ्या बाकीच्या मुद्द्यांचं. तू लिहितेस, लोक आपल्याला लंगोटी आणि भाला म्हणूनच ओळखतात, मी निदान कापड दाखवलं, वधू लिहिलं कारण मेलेल्याचं म्हटलं तर फलकाला परवानगी मिळाली नसती. तू लिहितेस, तुझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी तुला म्हटलं, “तू इगोरोट वाटत नाहीस हं,” आणि तू थँक्यू म्हणालीस, आणि अजून स्वतःला ते ऐकू येतं. हे वाचून मला वाईट वाटलं. हे वाक्य टाइप करताना तुझी बोटं थांबली असतील. मग पुढच्याच ओळीत तू लिहितेस की वस्तू सध्या पोशाख विभागाच्या ताब्यात आहे, मंजुरी लागेल, आणि तोवर बोन्तोकच्या बाजारात तशीच दुसरी तयार मिळते. वाईट वाटणं तिथेच संपलं.

तयार मिळते, मानांग. गिरणीची, पर्यटकांच्या टेबलावर अंथरायला. आमांना टेबलक्लॉथमध्ये गुंडाळू?

इथे मी फलकाचा फोटो फक्त आंटी दामयानला दाखवला. तिचं विणकाम तुला माहीत आहे, इनाच्या माघारी गावात मरणाचं पांघरूण विणणारी तीच उरलीय. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं चिडेल. तिने विचारलं, “ही पोरगी बरी आहे का?”

“कोण?”

“ही. जित्या अंगावर घेतलंय तिने. आजारीबिजारी पडली का?”

“मला काय माहीत, आंटी. नटी आहे ती.”

“नटी असली म्हणून काय, कुणाची तरी लेक आहे. युनिसला लिही. म्हणावं, तिच्या घरच्यांना सांग, एक कोंबडी कापा आणि तिच्या मेलेल्या माणसांना सांगा की ही अजून यायची नाही, चुकून घातलंय.”

तर हा निरोप पोचव. समितीच्या कागदावर टाइप करून पाठव, मंजुरी घेऊन.

पांघरुणाचं म्हणशील तर गावच्या दगडी बैठकीत म्हाताऱ्यांनी गोष्ट ऐकून घेतली. मी नाव न घेता विचारलं होतं, पण इथे नाव न घेता काही विचारता येत नाही, सगळ्यांना कळलं. त्यांचं म्हणणं पडलं की जित्या माणसाच्या अंगावर जाऊन आलं असलं तरी परत घेता येईल. एक डुक्कर कापू, चार शब्द बोलू, होईल. फक्त ते घरी यायला हवं.

म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. कोबीचे रिकामे ट्रक रोज मनिलाहून वर येतात. बाजारात कुठल्याही आपल्या ड्रायव्हरच्या हातात दे, आमांचं नाव सांग. तो सीटवर ठेवून आणेल.

वेंडेल

*

लामागन, १७ मार्च

मानांग,

घाईत लिहितोय, पहिल्या गाडीने देणार आहे.

काल आपला आत्येभाऊ क्लेटन आमांना बघायला आला. तोच, पाद्री व्हायला गेला आणि मोबाइलची दुकानं काढून परतला. मी लाकडं फोडत होतो तेवढ्यात त्याने आमांच्या उशाशी बसून फोनवर तुझा फलक दाखवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वाटलं म्हातारा खूश होईल.

मी आत आलो तेव्हा आमांनी फोन डोळ्यांपाशी धरला होता.

“काठ काळा आहे,” म्हणाले. “माझंच.” मग थोड्या वेळाने, “ही कोण? हिच्या घरी कोण मेलंय?”

क्लेटनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “दाखवायला उभी केलीय, आमा. काचेमागे नीट दिसत नव्हतं म्हणून.”

“खाली काय लिहिलंय? मला दिसत नाही.”

“तुमचं नाव.”

“वाच.”

मी वाचलं. आमांचं पूर्ण नाव वाचलं, लामागन वाचलं, मग विणणारी म्हणून इनाचं नाव वाचलं, तिच्या बापाच्या नावासकट. आमांनी ते परत वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मी त्यात “कोबीच्या ट्रकचे चालक” असंही घातलं आणि ते हसले. म्हणाले, “ते कशाला लिहिलं येड्यांनी.” क्लेटन फोन घेऊन बाहेर गेला तो जेवायलाही आला नाही.

तू सुरू केलेल्या खोट्यात आता मी भागीदार आहे. तुझ्यापेक्षा बरं बोलतो, शिक्का नाही एवढंच.

मग आमा म्हणाले, “आता बघून झालं ना लोकांचं? परत मागव. मला निघायचंय.”

मी म्हटलं कसली घाई आहे. ते म्हणाले, “तिथे तुझी इना उभी असणार. तिची नजर शेवटी अधू झाली होती, तोंड ओळखायची नाही. काठावर हात फिरवून बघेल. काळा धागा खरखरीत आहे, तिला बोटांनी कळतो.” हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू बसथांब्यावर कुणी न्यायला येणार आहे.

त्यांनी कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मंजुरी राहू दे. चोरून आण. तुला यायला जमत नसेल तर येऊ नकोस, मी कुणाला काही बोलू देणार नाही. नुसतं पांघरूण पाठव.

वेंडेल

*

लामागन, २ एप्रिल

मानांग युनिस,

आमा गेले ते तुला कळवलं होतं. क्लेटनच्या फोनवरून तू बोललीसही, तीन वाक्यं, मागे कुणाचा तरी माइक तपासणं चालू होतं. तू येणार नाहीस हे त्यावरूनच कळलं. मी वचन दिलं होतं तसं कुणाला काही बोलू दिलं नाही. खरं तर कुणी काही बोललंच नाही, त्यामुळे माझी मेहनत वाचली.

पांघरूण पोचलं. पाठवलंस, हे मान्य करतो. आमांना रिवाजाप्रमाणे खुर्चीत बसवून दाराशी ठेवलं होतं, डोक्यावर त्यांची ती रुंद काठाची टोपी, पाद्रीबाबांनी ती काढायला सांगितली आणि आंटी दामयानने ती पुन्हा घातली. परसात डुकरं बांधलेली. म्हातारे आमांशी बोलत होते, नेहमीसारखं, शिव्या घालत, की रस्ता नवीन झाल्यावर तुला मरायला सुचलं, जुन्या रस्त्यावर इतकी वर्षं दरीत पडला नाहीस. तेवढ्यात सकाळचा ट्रक वाजला आणि ड्रायव्हर दोन्ही हातांवर खोका धरून चढ चढत आला. सगळे उठून उभे राहिले. आंटीने हात धुतले.

खोक्यात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये धोब्याची हँगरची तार आणि तारेला घागरा.

तुला माहीत होतं का? मी खरंच विचारतोय. तू आत बघून पाठवलंस, की कुणाला तरी पाठवायला सांगितलंस? फोटोत गुंडाळल्यासारखं दिसत होतं. ते गुंडाळलेलं नव्हतं, कापलेलं होतं. कमरेला चुण्या, बाजूला चेन. माणसांच्या नक्षीची जी मधली पट्टी असते ती उभी चिरून तिची चोळी केलीय. काळा काठ खाली, घेराला. आणि आत कमरेपाशी कापडाची फीत शिवलेली, तिच्यावर त्या नटीचं नाव. म्हणजे नाव लिहितात ते खरं होतं.

त्याला अत्तराचा वास येत होता. कुत्री जवळ आली आणि मागे सरली.

एक म्हातारा म्हणाला उसवा आणि परत जोडा. आंटीने घागरा हातात घेतला, उलटा केला, चेन वरखाली करून पाहिली. ती म्हणाली, “याला आता कंबर आहे. मेलेल्याला कमरेचं माप कशाला?” आणि आमांच्या मांडीवर क्षणभर ठेवून उचलून घेतला. मग आपल्या घरी गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली.

ती तिचं पांघरूण घेऊन आली, स्वतःसाठी विणून ठेवलेलं. तुला माहीत आहे, तिच्या घराण्याला नक्षीचा मान नाही, साधं पांढरं, दोन काळ्या रेघा. आमांच्या भावकीत कुणाला असल्या पांघरुणात नेलेलं नाही. दोन काका कुरकुरले. आंटी म्हणाली, “मग तुमचं कुणाचं देता का?” त्यांच्या घरच्या पेट्यांत होती, पण देतो असं कुणी म्हणालं नाही. आंटी गाठ मारू लागली.

पण मग गाणाऱ्या बायकांची अडचण झाली. नेहमीच्या गाण्यात पांघरुणाचं वर्णन असतं, त्यावरून तिकडच्या आपल्या मेलेल्यांना कळतं कुठल्या घराचं माणूस येतंय. इथे पांघरूण एका घराचं आणि माणूस दुसऱ्या घराचा. असं आधी कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे शब्दही नव्हते. त्या थांबल्या, आपसात कुजबुजल्या, आणि मग तिथल्या तिथे जोडून म्हणू लागल्या, की बाई, काठ चाचपू नकोस, काठ हरवलाय. हात वर घे, टोपी चाचपून बघ. हा तुझाच. हा पांढऱ्या पांघरुणातला परका नाही, हा कोबीवाला. अंगाला डिझेलचा वास येतो का बघ.

तेच तेच पुन्हा म्हणत राहिल्या. जगात इतकी वर्षं या माणसाला आपण कोण ते सांगावं लागलं, पोलिसांना, हमालांना, तुझ्या शाळेच्या बाईंना, आणि आता बायकोलाही सांगावं लागत होतं. मी मधेच उठून डुकरांकडे गेलो. इनाला ऐकू गेलं की नाही हे मी नंतर विचारलं. गाणाऱ्यांपैकी कुणालाच खात्री नव्हती.

आंटीला म्हटलं, आता तुझं काय? म्हणाली, “नवीन विणीन. डोळ्यांनी नाही दिसलं तर बोटांनी. तोवर मरायचं नाही, एवढं पाळलं की झालं.” चष्म्याच्या आतून ती माझ्या कानाकडे बघून बोलत होती.

राहिला घागरा. खोक्याच्या तळाशी तुमच्या पोशाख विभागाची चिठ्ठी सापडली. नम्र विनंती की वापर झाल्यावर परत करावा, मे महिन्यातल्या कार्यक्रमाला लागणार आहे. मी ती मोठ्याने वाचली. त्या दिवसात पहिल्यांदाच लोक हसले, अगदी पोट धरून, काकासुद्धा.

परत मागितलंय, परत पाठवतोय. पण आंटीने सांगितलेलं आधी वाच. हे मेलेल्यासाठी विणलेलं आहे आणि रिकामं राहिलंय. घरात ठेवता येत नाही, जाळता येत नाही, इनाचा हात आहे त्यात. मे महिन्यात कुणालाही घालू द्यायचं नाही, ती नटी असो की साहेबांची मुलगी. ज्याने कापायला दिलं त्याचं ते झालं. म्हणजे तुझं. पेटीत ठेव, कपाटात ठेव, तिथे तुमच्याकडे काय असेल त्यात ठेव. तुझी वेळ येईल तेव्हा तुला त्यातच नेतील, मी जिवंत असलो तर येऊन मीच गुंडाळीन, चेन लावून.

आणि तिथे इना उभी असेल. नजर अधू, हात पुढे. काठ चाचपेल, काळा खरखरीत धागा तिच्या बोटांना लागेल, आणि तिला वाटेल आमा आले एकदाचे. ती तुला आमांच्या नावाने हाक मारेल.

मग तू कोण ते तिला तूच सांग.

वेंडेल